माहीमच्या चित्रकाची फेरतपासणी

परत येऊन आठवडा झाला, तरी माझ्या उजव्या हाताच्या बोटांची सालं अजून निघताहेत. बायको मलम घेऊन मागे लागते आणि मी नको म्हणतो. लोक समुद्रकाठाहून शंख-शिंपले आणतात, मी ही बोटं आणली आहेत.

पालघरकडे जाऊन आलो म्हटलं की आमच्या सांगलीची माणसं विचारतात, "मग केळव्याचा समुद्र पाहिला असेल?" पाहिला, पण सुरूच्या झाडांमधून, लांबून. मी गेलो होतो एका झुडपाच्या मुळासाठी. त्या झुडपाचं नाव चित्रक. आयुर्वेदात पोटाच्या औषधांत ते चालतं. त्याच्या मुळात प्लंबॅजिन नावाचं एक पिवळं द्रव्य असतं आणि मुळाचा सगळा तिखटपणा त्याचाच. मूळ ताजं असताना कातडीला लागलं तर फोड येतात. म्हणून जुने वैद्य ते चुन्याच्या निवळीत भिजवून शुद्ध करून घेत. निवळीत पडलं की ते पाणी लाल होतं, कारण क्षार लागला की प्लंबॅजिनचा पिवळा रंग पालटतो.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच आता हे लिहितो आहे.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत वनस्पतींचे अर्क काढणारा एक लहान कारखाना होता. त्याच्या प्रयोगशाळेचा मी प्रमुख. केळव्याशेजारच्या माहीमचे भाई, तिकडे सगळे त्यांना भाईच म्हणत, आपल्या वाडीत सुपारीच्या सावलीला चित्रक लावायचे. नारळ-सुपारीच्या बागेला तिकडे वाडी म्हणतात. एका हंगामात त्यांचं मूळ आलं, मी तपासलं, आणि त्यात प्लंबॅजिन जवळजवळ सापडलंच नाही. कारखान्याच्या आवारात, टेम्पोवाल्यांसमोर, माहीमच्या चार शेजाऱ्यांसमोर मी म्हणालो, "भाई, हे चित्रक नव्हे. भेसळ आहे."

भाईंनी मूळ पुन्हा गोणीत भरलं. पण टेम्पो माहीमला पोचायच्या आत त्यांच्या घराला नाव पडलं होतं. भेसळे. त्या किनाऱ्यावर घराला एकदा नाव पडलं की ते आडनावापेक्षा घट्ट चिकटतं.

मी निवृत्त झालो, सांगलीला आलो. पुढे कधीतरी एका ओळखीच्या मुलीचा कॉलेजातला प्रयोग पाहायला गेलो. तिने चित्रकाचं मूळ मंद आचेवर ठेवून वर थंड काच धरली होती आणि काचेवर पिवळ्या बारीक सुया जमल्या होत्या. प्लंबॅजिन कापरासारखं आहे, उष्णतेने उडून जातं. त्या सुया पाहिल्या आणि मला प्रयोगशाळेतला ओव्हन आठवला. किनाऱ्यावरचा माल दमट असतो, वजनावरून भांडणं होतात, म्हणून समुद्राकडून आलेलं प्रत्येक मूळ आधी कडक तापवलेल्या ओव्हनमध्ये सुकवायचं, असा नियम मी स्वतःच केला होता. भाईंचं मूळ काढल्यावर ओव्हनच्या दाराच्या काचेला आतून पिवळी साय धरली होती. मी ती फडक्याने पुसली होती. संध्याकाळी बोटं चुरचुरली, तेव्हा कुठलंतरी ॲसिड लागलं असेल म्हणून साबणाने धुतली होती.

भाईंचा चित्रक मी माझ्या हातांनी पुसून टाकला होता. आणि भाई तोवर गेले होते.

बोईसर

स्टेशनबाहेर पडल्यावर पहिली भेट वासाची. बोईसरचा वास कुणाला सांगून कळणार नाही. थोडा आंबट, थोडा जळका, आणि पाच-दहा मिनिटांनी नाक तो विसरतं. वर्षानुवर्षं मी तो विसरलेलो होतो, या वेळी पुन्हा आला.

कारखान्याच्या जागेवर आता फरशांचं गोदाम आहे. पहारेकरी बिहारचा होता. म्हणाला, "अंकल, किसको ढूँढ रहे हो?"

"इधर एक लॅब होता था."

"लॅब? इधर तो टाइल है. बाथरूम का देखना है क्या?"

मी नको म्हणालो. प्रयोगशाळेच्या सामानाच्या एका दुकानातून एक काचेचा चंबू आणि वाफ गार करणारी एक शीतक नळी घेतली. माझा बेत सोपा होता. माहीमला जायचं, भाईंच्या वाडीत तोच जुना चित्रक अजून असेल तर गावासमोर तपासायचा. भाईंच्या पत्नी हिराबाईंना फोन केला होता. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "या. वाडी हाय तिथंच हाय."

रसायनाचा माणूस अनोळखी नमुना कधी एकटा तपासत नाही. शेजारी खात्रीचा नमुना ठेवतो. तो मला मासवणकडे मिळणार होता.

मासवण

काशिनाथ मला रिक्षा घेऊन न्यायला आला. तो दांडीचा, होडीवाल्यांच्या घरातला. कारखान्यात माझ्या हाताखाली अर्काच्या टाकीवर होता, कारखाना बंद पडल्यावर पुन्हा होडीवर गेला. मला अजून साहेब म्हणतो आणि साहेबासारखं वागवत नाही, हे त्याचं मला नेहमी आवडत आलं आहे.

मनोरच्या वाटेवर गावं लागतात तसा डोंगर जवळ येतो आणि नाकातून बोईसर उतरतं. सूर्या नदीला पाणी भरपूर होतं. आमच्या कृष्णेसारखी ती गावाकडे तोंड करून वाहत नाही, झाडीतून आपल्या आपण जाते. रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीमागे कुंपणाला चित्रक फुललेला दिसला. पांढरी फुलं, आणि फुलाखाली चिकट केसाळ देठ. तो देठ पँटला लागला की सुटत नाही.

टपरीवाली मावशी ओरडली, "ओ बाबा, त्याला हात नको लावू! फोड येतील!"

"माहीत आहे मावशी, मी त्यातलाच आहे," असं म्हणत मी मूळ उपटलं. मातीने ओलं होतं, हातातून सटकलं, म्हणून सालीवर नख रोवून धरलं.

काशिनाथने चहाची बशी तोंडाला लावली होती. "साहेब, तुमी त्यातले म्हणजे फोड येणाऱ्यातले ना?"

परतताना एका खड्ड्यात रिक्षा अशी आपटली की चंबू आणि नळी दोन्ही पिशवीतच फुटली. काशिनाथ हळूच म्हणाला, "काच गेली, शकुन झाला." मला हसू आलं नाही. पण बोईसरच्या लॉजवर पोचल्यावर पानवाल्याकडून चुना आणला, पाण्यात कालवून निवळी केली आणि मासवणच्या मुळाचा तुकडा तीत टाकला. पाणी आधी गढूळ, मग विटकरी, मग लाल. कुंपणातल्या चित्रकाने साक्ष दिली. रात्री बोटांना जळजळ सुटली. तीच बोटं, तीच जळजळ. मला त्या वेदनेचा आनंद झाला, हे विचित्र वाटेल, पण झाला.

दांडी

दांडीत काशिनाथच्या घरी मुक्काम. बांबूच्या मांडवांवर बोंबील लटकत होते, ओळीच्या ओळी, आणि खालून मांजरं वर पाहत बसलेली. आमच्याकडे ज्वारीची कणसं वाळत घातलेली पाहून जे समाधान वाटतं, ते इथे या बोंबलांकडे पाहून लोकांना वाटतं. काशिनाथच्या बायकोने, मंजुळाने, ताजे बोंबील तव्यावर भाजून दिले आणि तांदळाची भाकरी. मी जन्मभर ज्वारीच्या भाकरीचा अभिमान बाळगला. ही भाकरी रुमालासारखी घडी होते. खाताना अभिमान थोडा खाली ठेवला.

"दोन भाकऱ्यांत झाला तुमचा?" मंजुळा म्हणाली. "सांगलीची माणसं काय चिमण्या हायत?"

जेवताना मी काशिनाथला बेत सांगितला. काच फुटल्यामुळे आता टोपात मूळ मंद तापवायचं, टोपाच्या तोंडावर थंड पाण्याचा तांब्या बसवायचा आणि तांब्याच्या बुडाला पिवळं जमतं का ते पाहायचं.

"थंड म्हणजे किती?"

"जितकं मिळेल तितकं."

"बर्फ देतो. होडीवर न्यायचा हाय तो. मासळीच्या आधी तुमचा चित्रक."

मग त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "साहेब, एक विचारू? आणि नाय आला पिवळा तर?"

मी म्हणालो, "येईल."

"तुमी त्या वेळीपण असंच बोलला होता. खात्रीनं." त्याच्या आवाजात राग नव्हता. "नाय आला, तर भाईंचा नाव दुसऱ्यांदा जाईल. पयल्यांदा तुमी चुकून घालवला. आता सगळ्या गावाला बोलावून घालवाल."

मी हातातला घास ताटात ठेवला. कारण तो बरोबर होता. ओव्हनच्या काचेवरची पिवळी साय एवढाच माझा पुरावा. ती आधीच्या एखाद्या मालाची असू शकत होती. भाईंचं मूळ खरं होतं हे मी मानलं होतं, तपासलं नव्हतं. त्या वेळी न तपासता खोटं मानलं, आता न तपासता खरं मानत होतो.

"मग आधी एकट्याने तपासून पाहू?" मी विचारलं.

मंजुळा चुलीपाशीच होती. "एकट्यानं तपासला तर कोण मानणार? बोलला चारचौघांत ना? मग तपासा पण चारचौघांत."

माहीम

माहीमचा रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना सुपारी, नारळ, मधूनच मांडवावर चढलेल्या पानवेली. ऊन खाली येतं ते तुकड्यातुकड्यांनी. आमच्याकडे ऊन म्हणजे एकसंध चादर. बर्फाच्या पेटीवर भाताचं तूस आणि गोणपाट टाकून काशिनाथने ती रिक्षात मांडीजवळ धरली होती.

हिराबाई ओटीवर उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या असतील, ताठ, कपाळाला मोठं गोंदण. मी नमस्कार केला. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भाई असते तर तुमाला आदी जेवायला घातला असता, मग शिव्या दिल्या असत्या. माझं उलटं हाय. शिव्या आदी."

"द्या," मी म्हणालो.

त्यांनी दिल्या. तीन-चारच, पण चांगल्या वळणाच्या. मग म्हणाल्या, "प्रमिला, चहा टाक."

प्रमिला त्यांची सून. वाडीच्या एका कडेला तिने औषधी रोपांची नर्सरी केली आहे. अडुळसा, शतावरी, गुळवेल, पिशव्यांमधून नीट मांडलेलं. तिने मला वाफा दाखवला. "हा भाईंचा चित्रक. माल देणं बंद झालं, पण एक वाफा त्यांनी ठेवला. दरवर्षी फुटवे काढून नवे लावायचे. सासूबाई म्हणायच्या उपटून टाका, तर म्हणायचे, राहू दे, त्याने काय केलंय?"

मग ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "गिऱ्हाइकं पालघरहून येतात ना, नाक्यावर विचारतात, भेसळ्यांची नर्सरी कुठं? औषधाची रोपं विकते मी, काका. आणि नाव भेसळे."

दुपारनंतर माणसं जमायला लागली. वाडीवाल्यांपैकी बहुतेक पोक्त, काही बाया, आणि सगळ्यांत पुढे नाना. नाना शेजारचे पानवेलवाले. त्या दिवशी टेम्पोत तेच होते आणि 'भेसळे' हे नाव त्यांचंच. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर टाकली.

"बोला मास्तर. आज काय भेसळ?"

हिराबाई आतून म्हणाल्या, "नाना, तोंड आवर. पान खा."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. ओव्हनचा नियम, काचेवरची पिवळी साय, फडकं, सगळं. भाईंचं मूळ मी नीट न तपासता खोटं ठरवलं, हेही. शेवटी म्हणालो, "पण ते खरं होतं हे माझ्या शब्दावर मानू नका. माझा शब्द तुम्ही एकदा मानून पाहिलाय. आज डोळ्यांनी बघा."

प्रमिलाने हाताला प्लास्टिकची पिशवी घालून वाफ्यातलं मूळ सगळ्यांसमोर उपटलं, धुतलं, ठेचलं. मी त्याचे दोन भाग केले. एक भाग तव्यावर टाकून तिला सांगितलं, खूप वेळ कडक भाज, जसा मी ओव्हनमध्ये भाजला होता. घराबाहेर, धूर कुणाच्या अंगावर येणार नाही अशा बाजूला. दुसरा भाग टोपात, मंद आचेवर. तोंडावर बर्फाने भरलेला तांब्या, आणि मधल्या फटीला तांदळाच्या पिठाचा लेप. हिराबाईंनी तो लेप स्वतः लावला. थंडीत त्यांच्याकडे उकडहंडी करतात, कोनफळ आणि वालपापडी मडक्यात कोंडून. तोंड बंद करणं हे त्यांचं रोजचं काम.

"हा टोप पुन्हा स्वयंपाकाला नको," मी म्हणालो.

"गेला तर गेला. नाव आला म्हणजे झाला."

"आणि चुना लागेल," मी म्हणालो. "माझा नको. तुमच्यातल्या कुणाचाही."

नानांनी कमरेची डबी काढली. "म्हणजे आमालाच चुना लावायचा, तोपण आमचाच?"

सगळे हसले. मीही हसलो आणि डबी घेतली. निवळी करून दोन काचेच्या पेल्यांत ओतली.

टोपाखाली आच होती. बर्फ वितळून तांब्याच्या कडेने घाम गळत होता. काशिनाथ बोलून बसला होता, "नाय आला तर?" आणि ते वाक्य माझ्या कानात तसंच होतं. आच जास्त झाली तर जळेल, कमी झाली तर उडणार नाही. मी फुंकर घालून निखारे सारत होतो. वयाची पंच्याहत्तरी गाठलेला माणूस चुलीपुढे उकिडवा बसून, घाम पुसत.

शेवटी हिराबाई म्हणाल्या, "काढा आता. एवढ्यात उकडहंडीपण शिजते."

लेप फोडला. वाफ गेली. तांब्या उचलून मी आधी बर्फाचं पाणी ओतून टाकलं आणि मग बूड उन्हाकडे वळवलं.

बुडाला पिवळं होतं. हळदीच्या बोटासारखं, आणि मध्ये, जिथे बर्फ सर्वांत गार होता तिथे, केसासारख्या बारीक सुया.

"हे प्लंबॅजिन," मी म्हणालो.

नाना पुढे वाकले. "पिवळा तर गंजपण असतो."

मी सुपारीच्या पानाच्या काडीने तो पिवळा थर खरवडला आणि नानांच्या चुन्याच्या निवळीत सोडला. पाणी लगेच पालटलं. मासवणसारखं गढूळ नव्हे, एकदम. जांभळट लाल, करवंदाच्या रसासारखं. बाया पुढे सरकल्या. कुणीतरी "आई गं" म्हणालं.

मग प्रमिलाने तव्यावरचं भाजकं मूळ आणलं. तेही त्याच वाफ्यातलं, त्याच मुळाचं. दुसऱ्या पेल्यात टाकलं. थांबलो. पाणी फिकट चहासारखं झालं आणि तसंच राहिलं.

दोन पेले ओटीच्या कठड्यावर शेजारी शेजारी. एक लाल, एक काहीच नाही. समजावून सांगायला काही उरलं नाही. कुणी शास्त्र शिकलेलं असो वा नसो, डोळे सगळ्यांना असतात.

नानांनी तो दुसरा पेला उचलून उन्हाकडे धरला. मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे मास्तर, खरा माल आला, आणि तुमी तो भाजलात."

"हो."

"आणि भाजून वर बोललात, यात काय नाय."

"हो."

"च्यायला," नाना म्हणाले. "मग भेसळे कुठले? भाजके हायत हे! भाजके!"

सगळी ओटी हसायला लागली. हिराबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. प्रमिलाने लाल पेला उचलला आणि भाईंच्या तसबिरीपुढे नेऊन ठेवला.

मग जेवण. आणि भाईंच्या घरात पहिल्यांदा मी पोटभर जेवलो. उकडहंडी, कोलंबीचं कालवण, ती रुमालासारखी भाकरी. हिराबाईंनी मला तीनदा वाढलं. "शिव्या आदी दिल्या ना, आता जेवणाची पाळी."

या निमित्ताने एक सांगून ठेवतो. हे वाचून कुणी कुंपणातला चित्रक उपटून पोटात घेऊ नये. जाणत्याने शुद्ध केल्याशिवाय तो विषासारखाच आहे, आणि गरोदर बाईने तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. माझ्या बोटांकडे पाहा.

निघताना प्रमिलाने एका पिशवीत चित्रकाचं रोप दिलं. सांगलीच्या उन्हात जगेल की नाही ठाऊक नाही. काशिनाथची घाई चालली होती, उरलेला बर्फ होडीवर पोचवायचा होता. माहीमच्या नाक्यावर रिक्षात बसलो. नाना आमच्या आधीच तिथे पोचले होते आणि पानाच्या टपरीवर बसून आजचा प्रयोग कुणाला तरी सांगत होते.

पालघरहून आलेली एक मोटार नाक्यावर थांबली. काच खाली करून एका बाईंनी विचारलं, "अहो, ती भेसळ्यांची नर्सरी कुठे आली?"

नानांनी पिचकारी टाकली, तोंड पुसलं.

"भेसळे कोण नाय हितं. भाईंची नर्सरी विचारताय काय? सरळ जा, डाव्या अंगाला. चित्रक खरा मिळेल." मग त्यांनी हात लांब करून माझ्याकडे दाखवलं. "आणि भाजके बघायचे असतील, तर ते बघा, रिक्षात बसलेत."

बाईंनी वळून पाहिलं. मी फोड आलेला हात वर करून त्यांना नमस्कार केला.